क्लचबरोबर आयएमएस बेअरिंगही बदलावे का? २००२ च्या बॉक्स्टर एसच्या निमित्ताने

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा. न्यू जर्सीत आपण गेल्या वर्षी २००२ ची पोर्शे बॉक्स्टर एस विकत घेतली असून तिच्या ओडोमीटरवर ७१ हजार मैल आहेत. क्लचचे पेडल इतके जड झाले आहे की गर्दीच्या रस्त्यावर अर्ध्या तासात डाव्या पायाची पोटरी भरून येते. शिवाय वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा चढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. क्लच बदलायचा म्हणून गाडी दाखवली, तर गॅरेजवाल्याने 'त्याच वेळी आयएमएस बेअरिंगही', म्हणजे इंजिनातल्या एका मधल्या शाफ्टचे बेअरिंगही, 'बदलून घ्या' असे सुचवले, आणि ही खरी गरज आहे की भीती दाखवून बिल वाढवण्याची युक्ती, हे आपल्याला कळेनासे झाले आहे. त्याबरोबर दोन उपप्रश्नही आहेत: हलके फ्लायव्हील (क्लच ज्याला टेकतो ती जड चकती) बसवावे का, आणि हे सगळे काम घरच्या गॅरेजात जमेल का.

गॅरेजवाल्याचा सल्ला योग्य आहे. मात्र त्याने एक अट सांगायला हवी होती, आणि आपल्या लिहिण्यावरून ती सांगितलेली दिसत नाही. बेअरिंग बदलायचे ते इंजिन निरोगी असतानाच. इंजिनात धातूचे कण फिरू लागल्यावर बसवलेले नवे बेअरिंग त्या इंजिनाला वाचवत नाही आणि स्वतःही टिकत नाही. म्हणून क्लचचे काम ठरवण्याआधी ऑइल फिल्टर उघडून पाहणे ही पहिली पायरी आहे, आणि पुढचे सगळे निर्णय त्या फिल्टरमध्ये काय सापडते यावर ठरतात. तिकडे वळण्यापूर्वी हे बेअरिंग नेमके कोठे असते आणि ते का बिघडते, हे सांगतो.

आपल्या गाडीतले इंजिन एम९६ या घराण्यातले, सहा सिलेंडरचे, आडवे म्हणजे बॉक्सर पद्धतीचे आहे. यात पिस्टनने फिरणारा क्रँकशाफ्ट व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला थेट फिरवत नाही. क्रँकशाफ्टच्या खाली एक मधला शाफ्ट असतो, त्यालाच इंटरमीडिएट शाफ्ट किंवा थोडक्यात आयएमएस म्हणतात. क्रँकशाफ्टकडून एक चेन या शाफ्टवर येते, आणि या शाफ्टच्या दोन टोकांवरून एकेक चेन दोन्ही बाजूंच्या सिलेंडर हेडकडे जाते. ऑइल पंपही हाच शाफ्ट फिरवतो. त्याचे पंपाकडचे टोक साध्या बेअरिंगमध्ये, दाबाने येणाऱ्या तेलावर फिरते, त्यामुळे तेथे तक्रार नसते. फ्लायव्हीलकडच्या टोकाला मात्र कारखान्याने सीलबंद बॉल बेअरिंग बसवले. आतले ग्रीस इंजिनाच्या आयुष्यभर पुरेल, असा त्यामागचा हिशोब होता.

हिशोब तेथेच चुकला. बेअरिंगच्या दोन्ही बाजूंची रबरी सील गरम तेलात वर्षानुवर्षे राहून कडक होतात. मग त्यांच्या कडेने तेल हळूहळू आत झिरपते आणि ग्रीस धुऊन नेते. आत आलेले तेल मात्र बाहेर पडत नाही. इंजिनातले बाकीचे तेल दर सर्व्हिसिंगला बदलले जाते, पण या चिमूटभर जागेतले तेल त्यात आलेल्या पेट्रोलच्या आणि पाण्याच्या अंशासह तसेच कुजत राहते. मी काढलेल्या कित्येक बेअरिंगचे बाहेरचे सील उचकल्यावर आतून तपकिरी, पातळ, उग्र वासाचे पाणी वाटावे असे तेल ओघळले आहे. असे बेअरिंग बोटात धरून फिरवले, तर वाळूचा कण अडकल्यासारखी खरखर लागते. पुढे गोळ्यांचे आणि त्या ज्या कड्यांत फिरतात त्या रेसचे पापुद्रे निघतात, शाफ्ट डगमगू लागतो, बेअरिंगमधला बारीक बोल्ट तुटतो, चेन दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. या शेवटच्या टप्प्याला काही सेकंदच लागतात. तो बहुधा फारशी पूर्वसूचना न देता येतो, आणि त्यानंतर दुरुस्तीपेक्षा दुसरे इंजिन स्वस्त पडते.

येथे एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. रोज पळणाऱ्या, महामार्गावर भरपूर फिरलेल्या गाडीपेक्षा कपड्याखाली झाकून ठेवलेली, उन्हाळ्यात रविवारी चार मैल फिरवलेली गाडी या बाबतीत अधिक धोक्यात असते. इंजिन पुरते तापत नाही, तेलातले पाणी उडून जात नाही, आणि शाफ्ट कमी वेगाने फिरत असल्याने त्या बेअरिंगला तेलाचा फवाराही मिळत नाही. त्यामुळे 'बावीस वर्षांत फक्त ७१ हजार मैल' ही विक्रेत्याने सांगितलेली मोठी जमेची बाजू मी थोड्या संशयानेच ऐकतो.

आता आपल्या गाडीत कोणते बेअरिंग आहे, ते पाहू. सुरुवातीच्या इंजिनांत दोन ओळींच्या गोळ्यांचे बेअरिंग होते. २००० ते २००१ च्या सुमारास त्याच्या जागी एका ओळीचे, म्हणजे भार पेलायला निम्म्याच गोळ्या असलेले, बेअरिंग आले, आणि २००५ पर्यंत तेच राहिले. यातले एका ओळीचेच अधिक बिघडते. अमेरिकेत २००१ ते २००५ या मॉडेलवर्षांच्या गाड्यांबाबत सामूहिक दावा झाला होता आणि २०१३ मध्ये त्यात तडजोडही झाली, पण तिच्यातील भरपाईची मुदत केव्हाच उलटून गेली आहे. २००६ ते २००८ च्या इंजिनांत आणखी मोठे बेअरिंग बसवले गेले. ते अधिक दणकट आहे, पण क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे मुख्य कवच, दुभंगल्याशिवाय निघत नाही. २००९ पासून आलेल्या नव्या इंजिनात हा मधला शाफ्टच काढून टाकला, आणि वाद संपला. ९९६ पिढीच्या ९११ टर्बो, जीटी२ आणि जीटी३ या गाड्यांचे इंजिन वेगळ्या घराण्यातले आहे. त्यांना हा प्रश्न नाही, तरीही त्यांचे मालक दर काही महिन्यांनी घाबरून फोन करतात.

आपली गाडी २००२ ची, म्हणजे एका ओळीचे बेअरिंग असणार, असे मी पंच्याण्णव टक्के खात्रीने म्हणेन. उरलेले पाच टक्के यासाठी की या वयाच्या अनेक गाड्यांचे इंजिन वॉरंटीच्या काळात बदललेले असते, आणि बदलून आलेल्या इंजिनात नंतरचे मोठे बेअरिंग निघू शकते. गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील काढल्यावर शाफ्टच्या टोकावरचे झाकण दिसते. त्याच्या मधोमध असलेल्या नटाला १३ मिलिमीटरचा पाना लागला, तर बेअरिंग जागच्या जागी बदलता येते. २२ मिलिमीटरचा लागला, तर ते मोठे बेअरिंग आहे, आणि मग त्याचे फक्त बाहेरचे सील काढून टाकावे, म्हणजे इंजिनातले ताजे तेल त्याच्यापर्यंत पोहोचते, आणि झाकण पुन्हा लावून पुढे जावे. गॅरेजवाल्याने बेअरिंगचा संच आधीच मागवला असेल, तर मोठे निघाल्यास तो परत घेतला जाईल का, हे आजच विचारून ठेवा.

आता फिल्टरविषयी. या इंजिनाचा फिल्टर कागदी असून प्लास्टिकच्या डब्यात बसतो. तो डबा खोलून फिल्टर तर काढाच, पण डब्यातले तेलही फेकून न देता पांढऱ्या ट्रेमध्ये ओता. फिल्टरच्या घड्या धारदार कटरने वरून व खालून कापा, कागद पट्टीसारखा उलगडा, तेल निथळू द्या आणि उन्हात धरा. चमक दिसली की लगेच घाबरायचे नाही. एक छोटे चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्या कणांवरून फिरवा. चुंबकाला न चिकटणारे मोजके चकचकीत कण ॲल्युमिनियमचे असतात आणि इतक्या वयाच्या इंजिनात थोडेफार सापडतातच. तपकिरी किंवा काळसर प्लास्टिकचे तुकडे चेनच्या पॅडचे असतात. त्यांची नोंद ठेवायची, कारण आपल्या पाच चेनच्या इंजिनात दोन कॅमशाफ्टच्या मधली छोटी चेन ज्या पॅडवरून सरकते, ते पॅड झिजतात. चुंबकाला चिकटणारे, बारीक तुसासारखे किंवा पापुद्र्यासारखे पोलादी कण मात्र बेअरिंगची कथा सांगतात. ते निघाले, तर ऑइल चेंबरचे खालचे झाकण काढून तळ पाहावा. तेथेही पोलाद असेल, तर क्लचसाठी एक डॉलरही खर्च करण्याआधी थांबावे आणि इंजिन पूर्ण उघडायचे की बदलायचे, हा वेगळाच प्रश्न विचारावा. बेअरिंगचा चुरा तेलाबरोबर सगळीकडे जातो, आणि फिल्टर तुंबू लागला की बायपास व्हॉल्व्ह उघडून तो न गाळलेल्या तेलातून क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंतही पोहोचतो.

फिल्टर स्वच्छ निघाला, तर त्याच दिवशी आणखी दोन तपासण्या करून घ्याव्यात. पोर्शेसाठी चालणारे निदान यंत्र जोडून, इंजिन गरम असताना, दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टचे विचलन, म्हणजे त्यांचा कोन ठरल्या जागेपासून किती सरकला आहे, ते वाचावे. ते उणे ६ ते अधिक ६ अंशांच्या आत असावे आणि इंजिन एकसारखे चालू असताना स्थिर राहावे. आकडा सतत नाचत असेल, तर शाफ्ट किंवा चेन ढिली आहे. दुसरी तपासणी म्हणजे स्पार्क प्लगच्या भोकांतून बारीक कॅमेरा घालून सिलेंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे आहेत का ते पाहणे. त्याचा बेअरिंगशी काही संबंध नाही, पण ज्या इंजिनाच्या भिंती खराब झाल्या आहेत, त्यात नवे बेअरिंग बसवणे म्हणजे पडक्या वाड्याला नवे कुलूप लावणे आहे.

या तपासण्या पार पडल्या, तर बेअरिंग बदलण्याचा सल्ला मी का मान्य करतो, त्याचे कारण सरळ हिशोबाचे आहे. या गाडीत इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि गिअरबॉक्स त्याच्याही मागे असतो. क्लच बदलायचा, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि मजुरीचा मोठा हिस्सा त्या उतरवण्या-चढवण्यात जातो. बेअरिंगचे झाकण फ्लायव्हीलच्या मागेच आहे. आज बेअरिंग टाळले आणि दोन वर्षांनी मन बदलले, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल. म्हणूनच पहिला क्लच गेला, की त्याच वेळी बेअरिंगचा निर्णय घ्यावा, अशी या गाड्यांच्या जाणकारांत रीतच पडली आहे.

जड पेडलविषयी थोडे सांगतो. पुष्कळांना वाटते की पेडल जड झाले म्हणजे हायड्रॉलिकमध्ये बिघाड झाला. या गाड्यांत बहुतेक वेळा ते क्लच प्लेट झिजल्याचे लक्षण असते. प्लेट पातळ होत गेली की तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांचा कोन बदलतो आणि त्या दाबायला अधिक जोर लागतो. त्यात क्लच सोडवणाऱ्या रिलीज फोर्कच्या टेकूवरचे प्लास्टिकचे बुश झिजलेले असले, की कुरकुरही येऊ लागते. आपल्याकडे चढावर आरपीएम वाढून वेग वाढत नाही, म्हणजे प्लेट सरकते आहे, आणि हे लक्षण जड पेडलशी जुळते. तेव्हा क्लचच्या निदानाबद्दल शंका नको.

संच घेताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण घ्यावा. फोर्क, त्याचा टेकू, गाइड ट्यूब आणि पायलट बेअरिंग हेही तपासून लागले तर बदलावे. फ्लायव्हील दोन वस्तुमानांचे आहे, म्हणजे दोन तबकड्यांच्या मध्ये स्प्रिंग बसवलेल्या आहेत. बाहेरची तबकडी हाताने फिरवून पाहावी. काही अंशांनंतर स्प्रिंगचा विरोध जाणवला आणि सोडल्यावर ती परत आली, तर ठीक. सैल लटपटत असेल, ग्रीस बाहेर आले असेल किंवा पृष्ठभागावर निळे-जांभळे जळाल्याचे डाग व तडे असतील, तर नवे घ्यावे. क्लच बराच काळ सरकत चालवला असेल, तर ते डाग बहुधा सापडतातच.

हलक्या, एकसंध फ्लायव्हीलबद्दल माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. आरपीएम झटकन वाढतात हे खरे, आणि ट्रॅकवर जाणाऱ्याला त्याची मजाही वाटते. पण दोन तबकड्यांमधल्या स्प्रिंग क्रँकशाफ्टचे पिळवटणारे धक्के पचवतात. त्या काढल्या, की ते धक्के गिअरबॉक्सकडे आणि क्रँकशाफ्टकडे जातात. न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्समधून डब्यात चमचे हलवल्यासारखा आवाज येऊ लागतो. रोज कामावर जाण्याच्या गाडीला, आणि त्यातही आपण एका नाजूक शाफ्टची काळजी घ्यायला निघालो असताना, ही हौस परवडणारी नाही.

आता काम कसे व्हायला हवे, ते सांगतो. आपण स्वतः केले नाही, तरी गॅरेजवाल्याला चार प्रश्न विचारता येतील, एवढे तरी त्यातून कळावे.

बॅटरी सोडवून गाडी उचलली जाते, खालचे ॲल्युमिनियमचे आडवे आधार, सायलेन्सर, दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट, गिअरच्या केबल आणि पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणारा स्लेव्ह सिलेंडर मोकळा केला जातो. स्लेव्ह सिलेंडर बाहेर असताना कोणीही पेडल दाबू नये, नाहीतर त्यातला पिस्टन उडून बाहेर येतो. या गाडीत इंजिनाच्या मागच्या बाजूचा भार गिअरबॉक्सच्या माउंटवर असतो, त्यामुळे तो काढण्यापूर्वी इंजिनाला खालून लाकडी ठोकळा ठेवून आधार द्यावा लागतो. गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा असतो. परत बसवताना त्याचे वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू दिले, तर नव्या प्लेटचा मधला दातेरी तुंबा वाकतो, आणि पुढे क्लच नीट सुटत नाही म्हणून महिनाभर कारण शोधावे लागते.

फ्लायव्हील निघाल्यावर बेअरिंगचे झाकण दिसते, आणि हाताला खाज सुटते ती येथेच. तीन बोल्ट आणि मधला नट, एवढेच तर आहे! परंतु त्या शाफ्टवर तीन चेनचा ताण आहे. झाकण तसेच काढले, तर शाफ्ट एका बाजूला झुकतो आणि चेन दात सोडू शकते. म्हणून आधी क्रँकशाफ्ट टॉप डेड सेंटरला, म्हणजे पिस्टन अगदी वरच्या टोकाला असतो त्या स्थितीला, आणून पुढच्या पुलीच्या भोकातून पिन घालून तो अडकवावा. त्यासाठी सीटमागचा गालिचा आणि पत्रा काढावा लागतो. सिलेंडर हेडच्या टोकाचे हिरवे प्लास्टिकचे बूच काढून कॅमशाफ्ट त्याच्या खास अवजाराने जखडावा. त्यानंतर चेन ताणून धरणारे तिन्ही टेन्शनर काढून ताण मोकळा करावा, आणि मगच झाकणाला हात लावावा. हिरवे बूच एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत. नवे स्वस्त आहेत, आणि जुने गळतात.

चार वर्षांपूर्वी एका गॅरेजातून टो करून आमच्याकडे एक बॉक्स्टर आली होती. नवे बेअरिंग, नवा क्लच, सगळे बसवून झालेले, आणि इंजिन एका बाजूने खोकल्यासारखे चालत होते. ज्याने काम केले, त्याने टेन्शनर काढलेच नव्हते, फक्त कॅमशाफ्टवर रंगाची खूण केली होती. शाफ्ट झुकला, एक चेन दोन दात पुढे गेली. सुदैवाने व्हॉल्व्ह वाकले नव्हते, पण गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला, आणि मालकाला एकाच कामाचे दोनदा पैसे मोजावे लागले. तेव्हा आपल्या गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: कॅमशाफ्ट कशाने जखडता आणि टेन्शनर किती काढता? उत्तर द्यायला तो घुटमळला, तर दुसरीकडे जा.

जुने बेअरिंग खास पुलरने ओढून काढायचे असते. हातोडीचा ठोका तेथे निषिद्ध आहे, कारण तो धक्का शाफ्टवरून पलीकडच्या टोकापर्यंत जातो. काढलेले बेअरिंग मागून घ्या. ते फिरवून पाहिले, की आपण किती वेळेवर पोहोचलो हे कळते. नवे बेअरिंग निवडताना साधारण दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पोलादी रेस आणि सिरॅमिक गोळ्या असलेले, सील नसलेले बॉल बेअरिंग. ते इंजिनातल्या तेलाच्या फवाऱ्यावर चालते, ठरावीक मैलांनंतर बदलावे लागते, आणि पुढच्या क्लचच्या वेळी ते सहज साधते. दुसरा म्हणजे गोळ्याच नसलेले साधे बेअरिंग, ज्याला बाहेरून नळीने दाबाचे तेल पुरवले जाते. ते महाग असते, पण पुन्हा बदलण्याची कटकट राहत नाही. गाडी आणखी दहा वर्षे ठेवायची असेल, तर मी दुसरा मार्ग सुचवीन, आणि चार-पाच वर्षांत विकायची असेल, तर पहिला पुरेसा आहे. सीलबंद स्वस्त बेअरिंग बसवून 'मूळ मापाचेच आहे' असे कोणी सांगितले, तर मात्र नको म्हणा. त्याच आजाराला आपण पुन्हा आमंत्रण देतो.

नवे बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले की किंचित आकसते आणि शाफ्टमध्ये सरळ उतरते. झाकण हाताच्या दाबाने जागेवर बसायला हवे. बोल्टने ओढून बसवावे लागत असेल, तर शाफ्ट मध्यावर नाही, आणि तेथेच थांबायचे. झाकणाचे बोल्ट नवे घ्यावेत. त्यांना १० न्यूटन-मीटर इतकाच ताण लागतो, आणि तो मनगटाच्या अंदाजाने नव्हे, तर टॉर्क रेंचनेच द्यायचा असतो. टेन्शनर ८० न्यूटन-मीटरला, नव्या वॉशरसह बसवावेत. मग अडकवलेल्या पिना काढून पुलीवरून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे आणि सगळ्या खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे. ही पायरी पाच मिनिटांची आहे, आणि ती गाळणारे लोक मला समजत नाहीत.

झाकण उघडलेच आहे, तर क्रँकशाफ्टचे मागचे सीलही बदलावे. गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या सांध्यावर तेलाचा थेंब दिसला, की सगळे या सीललाच दोष देतात, पण तो थेंब आयएमएसच्या झाकणातूनही येऊ शकतो, म्हणून दोन्ही नवी असावीत. सुधारित सील पीटीएफईचे, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकचे आहे. ते कोरडेच बसवायचे असते, आणि जुन्यापेक्षा खोल बसते, त्यामुळे त्याचे बसवायचे अवजार असेल तरच हात घालावा. फ्लायव्हीलचे बोल्ट ताणून आवळण्याच्या जातीचे असल्याने नवेच वापरावेत.

क्लच प्लेट बसवताना तिच्या एका बाजूला 'गेट्रीबेझायटे' असे जर्मन अक्षरांत छापलेले असते, म्हणजे 'गिअरबॉक्सची बाजू'. ते अक्षर आपल्याकडे तोंड करून असावे. प्लेट मध्यावर आणण्याच्या दांडीशिवाय प्रेशर प्लेट आवळू नये, आणि तिचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे-थोडे करत २३ न्यूटन-मीटरपर्यंत न्यावेत. दातेरी तुंब्यावर ग्रीसचा पुसट थर पुरे. अधिक लावले, तर ते फिरून उडते आणि नव्या प्लेटवर बसते.

घरच्या गॅरेजात हे जमेल का? चार भक्कम स्टँड, गिअरबॉक्ससाठी वेगळा जॅक, मदतीला एक माणूस आणि तीन सुट्टीचे दिवस असतील, तर क्लचपुरते काम जमते, आणि मी ते केलेल्या हौशी माणसांना ओळखतो. बेअरिंगचे काम मात्र कॅमशाफ्ट जखडण्याच्या आणि पुलरच्या संचावर अवलंबून आहे. तो एका वेळेसाठी विकत घ्यायचा, तर बराचसा बचतीचा पैसा त्यातच जातो. हा संच भाड्याने मिळत असेल आणि आपण यापूर्वी टायमिंगचे काम केलेले असेल, तरच तिकडे वळा. एरवी फिल्टर कापणे, चुंबक फिरवणे आणि योग्य प्रश्न विचारणे एवढे काम आपण करावे, बाकीचे गॅरेजवर सोपवावे.

काम झाल्यावर सुमारे साडेआठ लिटर नवे तेल आणि नवा फिल्टर. पहिले ५०० मैल क्लच जुळू द्या: जोराचे स्टार्ट नकोत, चढावर अर्धा क्लच धरून उभे राहणे नको, आणि रस्ता शक्यतो गिअर वारंवार बदलावे लागतील असा निवडा. ५०० मैलांनंतर तेल बदला आणि तो फिल्टरही कापून पाहा. पुढे दर ५ हजार मैलांना किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा तेल बदला. ड्रेन प्लग चुंबकाचा बसवून घ्या आणि दर वेळी त्यावर काय चिकटले आहे, त्याचा फोटो तारखेसह ठेवा. आणि हिवाळ्यात गाडी झाकून ठेवायची असेल, तर महिन्यातून एकदा नुसती सुरू करून बंद करू नका. त्याने तेलात पाणी साचते. बाहेर काढली, तर अर्धा तास तरी, तेल पुरते तापेपर्यंत चालवा, नाहीतर वसंतापर्यंत तिला हात लावू नका.